संथ आहे म्हणे

कुठला सिनेमा थिएटरात जाऊन बघायचा आणि कुठला घरी, याचा आमच्या घरात कायदा ठरलेला आहे. घोडे, तलवारी, दर्या, आग, उडणाऱ्या गाड्या असतील तर तिकीट काढायचं. माणसं घरात बसून एकमेकांशी बोलत असतील, त्यातून एखादं म्हातारपण, एखादा बिनसलेला संसार किंवा एखादं मयत असेल, तर "एवढं काय हाय त्यात, येतंय की दोन महिन्यांत घरात." हा कायदा नवऱ्याने केला, मुलीने उचलून धरला आणि इथल्याच, कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या नणंदेने फोनवरून मंजूर केला. त्या कायद्यानुसार 'छावा' आम्ही सहकुटुंब, शेजारच्या दोघांना घेऊन, थिएटरात बघितला. गेल्या दोन-तीन वर्षांतले निम्मे चांगले कौटुंबिक, सामाजिक सिनेमे मात्र सोफ्यावर आडवे होऊन बघितले. म्हणजे, बघितले असं आपलं म्हणायचं.

मला हा कायदा पूर्ण उलटा वाटतो.

लढाई टीव्हीवर लहान दिसते, पण कळते. ती आधी ढोल वाजवून, सांगून-सवरून येते, बराच वेळ चालते आणि झाल्यावर कुणीतरी तिच्याबद्दल बोलतं. मधे बेल वाजली, पेपरवाल्याचं बिल देऊन आलात, तरी कोण कुणाला मारतंय हे आल्या आल्या लक्षात येतं. घरातल्या चार माणसांच्या सिनेमात तसं नसतं. बाई नवऱ्याचा फोन घेते, "बरं" म्हणते, फोन ठेवते आणि थोडा वेळ तशीच उभी राहते. त्या उभं राहण्यात सगळा सिनेमा असतो. नेमकं तेव्हा तुम्ही दूध उतू जाईल म्हणून उठलात, तर पुढचा दीड तास "ही असं का करतेय?" विचारत बसायचं. मग शेवटी निकाल : "काय न्हाई रे त्यात, बरं झालं थेटरात गेलो न्हाई."

आता हे दूध बघायला उठतं कोण? "घरी बघू" म्हणणारा माणूस बसून बघतो. त्याच्या मांडीवर ताट येतं, पाणी येतं, मध्येच चहा येतो. मी बऱ्याच सिनेमांचे आवाज ओळखते. कुणी रडलं की हातातलं लाटणं ठेवून दारापर्यंत येते, तेवढ्यात प्रसंग बदलतो. आमच्या ऑफिसातल्या बायकांना एकदा सहज विचारलं, तर बहुतेकींची तीच गत निघाली. एक म्हणाली, "मी तर कुकर लावूनच बसतो बघ, तीन शिट्ट्या हून दे, मग सुरू कर म्हणतो." तिच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत घरच्यांनी पाऊण तास बघून टाकलेला असतो. तेव्हा थिएटरच्या तिकिटात मला मोठा पडदा मिळतो हे खरं, पण त्याहून मोठी वस्तू मिळते ती म्हणजे दोन तास मला कुणी हाक मारू शकत नाही. दोनशे रुपयांत कोल्हापुरात ही सोय दुसरीकडे कुठेही नाही. अंबाबाईच्या देवळात रांगेतसुद्धा फोन येतात.

पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मी दोन्हीकडे बघितला, म्हणून त्याच्यावरून बोलता येतं. २०२४ च्या मे महिन्यात कान महोत्सवात त्याला ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, मिळालं. तीस वर्षांनी भारतातला सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत उतरला होता. नोव्हेंबरात तो आपल्या देशात लागला तेव्हा मी कामासाठी पुण्यात होते आणि संध्याकाळ मोकळी होती. मुंबईच्या इस्पितळातल्या दोन मल्याळी नर्सा, आणि तिथेच स्वयंपाक करणारी, छाया कदमने केलेली पार्वती. पार्वती राहते ती जागा बिल्डरला पाहिजे आहे, नवरा वारलाय आणि तिच्या नावाचा एकही कागद नाही. तिचं मराठी ऐकलं आणि ही आपल्या जिन्यात भेटणारी बाई आहे असं वाटलं. थोरल्या नर्सचा, प्रभाचा, नवरा जर्मनीला गेलाय तो गेलाच. एके दिवशी तिच्या पत्त्यावर तांबडाभडक राइस कुकर येऊन पडतो. रात्री ती जमिनीवर बसून त्या कुकरला कवटाळते.

पुण्यात त्या प्रसंगाला मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग एकदम थांबलं. ते थांबणं मला पडद्यावरच्या प्रसंगाइतकंच लक्षात आहे, कारण माझ्याही घशापर्यंत हसू आलं होतं आणि त्याच क्षणाला लाज वाटली होती. पुढे जानेवारीच्या सुरुवातीला तो ओटीटीवर आला. मी हौसेने सगळ्यांना बसवलं. कुकरचा प्रसंग आला, मुलगी मोबाइलमधून वर बघत म्हणाली, "मम्मी, मी जरा बघितलो न्हाई, ती कुकर घिऊन काय करतीया?" आता यावर काय सांगायचं? नवऱ्याने जरा मागे घेऊन पुन्हा लावला. मागे घेऊन पुन्हा लावलेल्या प्रसंगात ती बाई नुसती कुकर घेऊन बसलेली दिसली. त्याच्या आधीचा एकटेपणा मागे घेता येत नाही. तो वीस मिनिटं साठत आलेला असतो.

हे झालं लक्ष देण्याचं. यंत्राचंही थोडं सांगायला हवं, कारण पडद्याचा आकार हा एकच मुद्दा धरून लोक बोलतात. थिएटरच्या पडद्याला बारीक बारीक भोकं असतात आणि त्यामागे, अगदी मधोमध, बोलण्यासाठी म्हणून वेगळा स्पीकर असतो. माणसाच्या तोंडातून शब्द येतोय असं वाटतं ते त्यामुळे. घरचे टीव्ही जसजसे पातळ होत गेले तसतसे त्यांचे स्पीकर खाली, पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून गेले. म्हणून तर हल्ली मराठी सिनेमासुद्धा लोक खालच्या इंग्रजी ओळी वाचत बघतात. कुजबूज, सुस्कारा, शेजारच्या खोलीतला खोकला या गोष्टींवर जो सिनेमा उभा असतो त्याचं घरी निम्मं भांडवल बुडतं. धडाडधूम मात्र टीव्हीच्या फुटकळ स्पीकरमधूनसुद्धा पोहोचतं, शेजाऱ्यांनाही पोहोचतं. अंधाराचंही तसंच. कंदिलाच्या उजेडातला प्रसंग दुपारी तीन वाजता, खिडकी उघडी असताना टीव्हीवर लावला तर आपलंच तोंड दिसतं.

याला एक पोटनियम आहे. थिएटरातल्या आवाजाच्या यंत्रावर ७ हा ठरलेला आकडा असतो. सिनेमा करणाऱ्यांनी स्टुडिओत ऐकला तो आवाज त्या आकड्याला यावा अशी व्यवस्था. पण जाहिराती आणि ट्रेलर इतके कर्कश असतात की लोक तक्रार करतात, मग यंत्र खाली आणलं जातं आणि तसंच राहतं. त्याचा फटका शांत सिनेमाला बसतो. मी उठून डोअरकीपरला सांगते. आवाज वाढवा म्हणून ओरडण्याचा हक्क कोल्हापूरच्या टॉकीजमध्ये फार जुना आहे. आता नुसती ओरडायची सवय गेली आणि उठून सांगायची लागली नाही, एवढंच.

या गावाला खरं तर हा प्रश्न नवा नसावा. आपण रिक्षावाल्याला अजूनही व्हीनस कॉर्नर, उमा टॉकीज, पार्वती टॉकीज असेच पत्ते सांगतो. बाबूराव पेंटर आणि त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, मग १९२९ साली इथेच निघालेली प्रभात फिल्म कंपनी, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ ही नावं भाषणाला उभ्या राहिलेल्या कुठल्याही पुढाऱ्याला पाठ असतात. एक गोष्ट मात्र भाषणात येत नाही. बाबूरावांचा 'सैरंध्री' १९२० चा, पुराणातला, देखाव्यांचा, गाजलेला. पाच वर्षांनी, १९२५ साली, त्यांनी 'सावकारी पाश' काढला. त्यात देव नाहीत, राक्षस नाहीत, चमत्कार नाहीत. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी, आणि त्या शेतकऱ्याच्या कामात तरुण व्ही. शांताराम. आज जगभरचे जाणकार त्याचं नाव आदराने घेतात. त्या वेळच्या प्रेक्षकाला मात्र तो मानवला नाही. पुराण आणि इतिहासाची सवय झालेल्या लोकांना एवढं रोकडं वास्तव नको होतं. बाबूराव पुन्हा पोशाखी सिनेमाकडे वळले. म्हणजे "एवढं काय हाय त्यात" हे आमच्या घरातलं वाक्य शंभर वर्षांचं जुनं आहे, आणि ते कदाचित ह्याच गावात, असल्याच एखाद्या पेठेत पहिल्यांदा बोललं गेलं असेल. नवऱ्याला हे सांगितलं तर तो खूश झाला. "बघ, तवाबी आमचंच बरोबर होतं."

मग ठरवायचं कसं? प्रत्येक गंभीर सिनेमा थिएटरातच बघा म्हणणारी मंडळी मला पटत नाहीत. त्यातल्या काहींना तिकीट फुकट मिळतं.

ट्रेलरवर माझा अजिबात विश्वास नाही. शांत सिनेमाचा ट्रेलर बनवणाऱ्याला भीती वाटत असते, म्हणून अख्ख्या सिनेमात एकदा झालेलं भांडण, एकदा फुटलेली काच आणि एकदाच मारलेली थोबाडीत तो पहिल्या मिनिटात दाखवून टाकतो आणि खाली नगारे वाजवतो. परीक्षणातल्या चांदण्याही मी बघत नाही. साडेतीन चांदण्या म्हणजे परीक्षकाला काय झालं हे त्यालाही माहीत नसतं. मी तक्रार वाचते. परीक्षणात काय आवडलं यापेक्षा काय खटकलं हा भाग कामाचा. आणि त्यात "संथ आहे", "पसरट आहे", "काहीच घडत नाही" असं आलं, की मी तिकीट काढते.

नणंदेला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला वाटलं माझं डोकं फिरलं. पण हिशेब सरळ आहे. संथ सिनेमा घरी पुरा होतच नाही. दहाव्या मिनिटाला हात मोबाइलकडे जातो, विसाव्याला कुणीतरी "जरा पुढं घे की" म्हणतं, चाळिसाव्याला उरलेला उद्या बघू असं ठरतं आणि तो उद्या काही उगवत नाही. टीव्हीच्या पडद्यावर अशा अर्धवट सिनेमांच्या तांबड्या रेघा आमच्याकडे ओळीने आहेत. थिएटरात दार बंद होतं, दिवे जातात आणि कंटाळा आला तरी आपण बसतो. त्या कंटाळ्याच्या पलीकडे बरेचदा काहीतरी असतं. कधी कधी नसतंही, तेव्हा पैसे बुडतात. नाटक काय, कुस्ती काय, कुठल्याही तिकिटात एवढी जोखीम असतेच. खासबागेत दोन मल्ल अर्धा तास नुसते खडाखडी करत राहिले तर आपण उठून जात नाही.

तक्रार दुसरी असेल, म्हणजे "फार बोलतात", "भाषणबाजी आहे", "संदेश डोक्यात मारतात", तर मी घरी बघते. जो सिनेमा सगळं तोंडाने सांगतो तो स्वयंपाकघरातूनही कळतो. यात हिणवण्यासारखं काही नाही. 'लापता लेडीज' १ मार्च २०२४ ला थिएटरांत आला तेव्हा आमच्यापैकी कुणी फिरकलं नाही, एप्रिलच्या शेवटी नेटफ्लिक्सवर आला आणि मग बघावं त्या घरात तोच. पुढे ऑस्करसाठी भारतातर्फेही तोच गेला. मी तो चपात्या लाटत बघितला, सासूबाईंनी निवडत निवडत बघितला, दोघींनाही पुरेपूर मिळाला. त्याची गंमत बोलण्यात आहे, प्रसंगांच्या चटपटीत जुळणीत आहे, त्या पोलीस इन्स्पेक्टरच्या पानात आहे. घरी बघितल्याने त्याचं फारसं काही गेलं नाही असं माझं मत आहे, आणि थिएटरवाल्यांना ते आवडणार नाही.

'ट्वेल्थ फेल'चं उलट झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये लागला, डिसेंबरअखेर घरात आला, तरी थिएटरांतून उतरेना. आमच्याकडे त्याला आणखी एक कारण होतं. ज्या मनोज शर्मांची ती गोष्ट, ते कोल्हापूरचे पोलीसप्रमुख होते. "आपल्या एसपी सायबांचा पिच्चर" म्हणून वर्षानुवर्षं थिएटरचं तोंड न बघितलेली माणसं गेली. माझ्या पुढच्या रांगेत स्पर्धापरीक्षेची पोरं बसली होती, गावाकडून येऊन खोली करून राहणारी. पडद्यावर निकालाचा प्रसंग आला तेव्हा ती खुर्च्यांच्या कडेला सरकून बसली होती. मी निम्मा वेळ त्यांच्याकडेच बघत होते. सिनेमा म्हणून तो घरीही चालला असता. पण ती पोरं माझ्या दिवाणखान्यात कुठून येणार? तेव्हापासून मी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारते. हा सिनेमा ज्यांच्याबद्दल आहे ती माणसं थिएटरात भेटतील का? भेटणार असतील तर पहिल्या आठवड्यातच जायचं.

जायचं म्हणते, पण गाडी अडते ती इथे. तिकिटाचं एक वेळ जाऊ दे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, शंभराच्या वर मात्र १८ तो १८ च राहिला. शंभराच्या आतलं तिकीट मल्टिप्लेक्समध्ये शनिवारी रात्री कुठून मिळायचं? ते सकाळी मिळतं. आणि गंमत अशी की आमच्यासारख्यांचे सिनेमे सकाळीच लागतात. सकाळी साडेनऊ, नाहीतर रात्री सव्वादहा. सकाळी साडेनऊला मी डबे भरत असते आणि सव्वादहाचा सुटेपर्यंत साडेबारा होतात. या दोन वेळांमध्ये ज्यांना वेळ आहे आणि ज्यांना बायकामुलींनी एकट्याने परत यायची काळजी नाही, असे प्रेक्षक गावात किती? मग तीन दिवस खुर्च्या रिकाम्या राहतात, सोमवारी खेळ कमी होतो, गुरुवारी उतरतो आणि निष्कर्ष निघतो की कोल्हापुरात असल्या सिनेमाला प्रेक्षक नाही. बुधवारी रात्री पुढच्या आठवड्याच्या वेळा यायला लागतात, तेव्हा मोबाइलवर त्या बघत बसणं हा माझा एक उद्योग आहे. बरेच सिनेमे त्या यादीत येतच नाहीत. मग पुणे नाहीतर आपल्या शाहू स्मारकात फिल्म सोसायटीवाले कधी लावतील त्याची वाट.

मध्यंतराचंही बोलून घेते, कारण ते मला मनापासून सलतं. गाण्याबजावण्याचा सिनेमा मध्यंतर धरूनच लिहिलेला असतो, तिथे एक खटका असतो, लोक बोलत बोलत बाहेर जातात. शांत सिनेमा लिहिणाऱ्याने तसं काही योजलेलं नसतं. मग वेळेचा मध्य बघून पडदा तोडतात. बाई काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि दिवे लागतात, मागोमाग मक्याच्या लाह्यांच्या बादलीची जाहिरात. परत येताना माणूस चवीने नाचो खात असतो आणि त्या बाईला काय सांगायचं होतं ते ऐकायला कुणाचे कान मोकळे नसतात. लाह्या विकल्याशिवाय थिएटर चालत नाही हे मला कळतं. पण मध्यंतर कुठे घ्यायचं हे दिग्दर्शकाला एकदा विचारायला काय हरकत आहे?

आपल्याला वास्तूंचं प्रेम मात्र भरपूर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी उभं केलेलं ते जुनं पॅलेस थिएटर. सकाळी खासबागेकडे जाऊन आलेली माणसं रडत होती, मीही रडले. त्यांत शेवटचं नाटक कधी बघितलं हे आठवत नसलेलेही बरेच असावेत. मी कुणाला दोष देत नाही. करोनात, मार्च २०२० पासून, आधी आठ महिने आणि मग पुन्हा एकदा ऑक्टोबर २०२१ पर्यंत राज्यातली थिएटरं बंद राहिली. त्या काळात घरात बघायची जी सवय लागली ती आमच्या हाडात गेली. हिंदी सिनेमा आठ आठवड्यांनी घरी येणार हे आता शेंबड्या पोराला माहीत असतं. 'होमबाउंड' २६ सप्टेंबर २०२५ ला लागला आणि २१ नोव्हेंबरला नेटफ्लिक्सवर आला, बरोब्बर आठ आठवडे. नीरज घायवानांचा हा सिनेमा टाळेबंदीत सुरतेहून गावाकडे निघालेल्या दोन मित्रांचा. आपण सगळे ज्या काळात घरात कोंडून होतो, त्या काळाची गोष्ट पुन्हा त्याच घरात, त्याच सोफ्यावर बसून बघायची हे मला विचित्र वाटलं. म्हणून मी तो थिएटरात बघितला. सुटल्यावर जिन्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नवऱ्याने तो नोव्हेंबरात बघितला, दोन रात्रींत, आणि त्यालाही आवडला. "तुझं काय जास्त झालं सांग की," तो म्हणाला. मला सांगता आलं नाही. काही सिनेमांच्या बाबतीत आमचा हा वाद असाच राहणार.

सप्टेंबर २०२५ हा महिनाच तसा होता. १२ तारखेला 'दशावतार' लागला. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली, कोकण, रात्रीचे खेळ. तो घरच्या कायद्यात बसत होता, सगळे गेलो, हाउसफुल्ल होता, मजा आली. पुढच्या शुक्रवारी, १९ ला, रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' आला. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळवून आलेला मराठी सिनेमा. बाप वारला म्हणून मुंबईचा आनंद आईबरोबर गावी येतो, दहा दिवसांचं सुतक पाळतो आणि तिथे त्याला लहानपणचा बाळ्या भेटतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम बसतं. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा हलत नाही. माणसं येतात, बसतात, चहा पितात, लग्न का करत नाहीस म्हणून विचारतात. परीक्षणात "संथ" हा शब्द होताच.

नवरा म्हणाला, "पितृपंधरवड्यात मयताचा पिच्चर?" मुलीची परीक्षा होती. सोमवारी घट बसणार, मग गावात गाडी घालायची सोय नाही, म्हणजे शनिवार हाच काय तो दिवस. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. स्वयंपाकाची तयारी पडलेली. सासूबाई अचानक म्हणाल्या, "मी येतो चल. दुपारचं काय, भाज्या रात्री चिरू." त्यांना काय सिनेमा आहे हे मी सांगितलं होतं, पण सगळं सांगितलं होतं असं नाही. सुतकाचं सांगितलं होतं. बाळ्याचं जरा हात राखून.

थिएटरात माणसं तुरळक होती. सासूबाईंनी सुरुवातीला शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, एसी फार आहे म्हणून पदर डोक्यावरून घेतला, आणि मग त्या सुरू झाल्या. म्हणजे बोलायला. पडद्यावर बायका येऊन आईच्या गळ्यात पडल्या की ह्या हळूच, "बघ, आता रडून झालं की च्या मागणार." आणि तसंच काहीसं होई. एरवी थिएटरात बोलणाऱ्यांवर मी चिडते. त्या दिवशी नाही चिडले. मागे पुढे कुणी नव्हतं आणि त्यांचं बोलणं त्या सिनेमात शोभत होतं. हळूहळू त्या गप्प झाल्या. दोघं रानात भेटतात, एकमेकांच्या जवळ बसतात, तेव्हा मी डोळ्यांच्या कडेने त्यांच्याकडे बघत होते. त्या समोर बघत होत्या. मध्यंतरात पाणी प्यायल्या, काही विचारलं नाही.

सुटल्यावर रिक्षात बसल्या बसल्या म्हणाल्या, "ती आय चांगली हाय. सगळी लगीन कर, लगीन कर करत्यात, ती एकटी पोराला वळखती." मला वाटलं, झालं, मी उगीचच घाबरत होते. आता त्या बाळ्याबद्दल काय म्हणतात म्हणून मी कान टवकारले. पण त्यांचा खरा आक्षेप वेगळाच होता. "पन सुतकात असं रानात फिरत्यात कुटं? आमच्यात कर्त्याला दहा दिवस उंबऱ्याभाईर सोडत न्हाईत." मी म्हटलं, ते नगरकडचं गाव आहे, तिकडची रीत वेगळी असेल. त्यांना मान्य नव्हतं. रीत सगळीकडे सारखीच, म्हणाल्या, ह्या सिनेमावाल्यांना कोण सांगणारं भेटलं नसेल. मी म्हटलं, अहो, सिनेमा दिग्दर्शकाच्या घरच्याच गावातला आहे, त्याला माहीत असणार. "मग त्याच्या गावात चुकीचं करत्यात."

रिक्षावाला एवढा वेळ आरशातून बघत होता. बिंदू चौकाच्या वळणावर त्याला राहवलं नाही. "आजी, कोन गेलं म्हनायचं?"

"कोन न्हाई रं बाबा, सिनेमातला गेला."

त्यावर तो हसेल असं मला वाटलं होतं. पण तो आजऱ्याकडचा निघाला. त्याने आपल्या वडिलांचं सांगायला सुरुवात केली. त्यांच्यात पाचव्या दिवसानंतर कर्त्याला शेतावर जाता येतं, जनावरं कोण बघणार नाहीतर? सासूबाई पुढे सरकून बसल्या. जनावरं भावकीने बघायची, मग भावकी कशाला असते. भावकी, आजी? तो म्हणाला, आमच्या भावकीनं गोठ्याची किल्ली मागितली ती अजून परत दिली न्हाई. मिरजकर तिकटी गेली, आमची गल्ली आली, रिक्षा दारात उभी राहिली, तरी कावळा कितव्या दिवशी शिवतो यावर दोघांचं जमेना. भाज्या चिरायच्या राहिल्या होत्या, शेवटी मीच उतरून पैसे पुढे केले.